वंगणाचा हिशेब : नगर जिल्ह्यातील एका यांत्रिक प्रघाताचा इतिहास

इंजिनातील ऑइल किती अंतराने बदलावे, या प्रश्नाला अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, गेल्या शंभर वर्षांत निरनिराळी उत्तरे मिळत गेली आणि त्यांपैकी बहुतेक उत्तरे आपापल्या काळी बरोबर होती. लष्कराचे रणगाडे, राज्य परिवहनाच्या गाड्या, उसाच्या पट्ट्यातील ट्रॅक्टर, कायनेटिकची लुना आणि संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था ही सारी एकाच जिल्ह्यात नांदल्यामुळे या साध्या दिसणाऱ्या प्रघाताचा इतिहास येथे जितका सलग वाचता येतो, तितका तो महाराष्ट्रातील फार थोड्या ठिकाणी वाचता येईल. आज टर्बो बसवलेल्या वेगवान मोटारीचा मालक निर्मात्याची पुस्तिका उघडतो तेव्हा तिच्यात 15,000 किलोमीटरचा आकडा असतो आणि गॅरेजातील मिस्त्री त्याला 5,000 चा सल्ला देतो. ही विसंगती कोणाच्या अज्ञानातून आलेली नाही. ते दोन आकडे दोन वेगळ्या काळांचे आहेत आणि दोन वेगळ्या परिस्थितींसाठी ठरलेले आहेत.

यंत्राच्या आधी वंगण होते. दख्खनच्या कोरडवाहू शेतात एरंड सहज येई, त्याचे तेल दिव्यासाठी आणि बैलगाडीच्या आसासाठी वापरले जाई, आणि आस कुरकुरू लागला की वंगण घालावयाचे हाच तेथील नियम होता. अंतर मोजण्याची गरजच नव्हती, कारण कान ते काम करीत. हेच एरंडेल पुढे शर्यतीच्या मोटारींचे आणि पहिल्या महायुद्धातील विमानांचे आवडते इंजिन ऑइल झाले, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तप्त धातूला ते खनिज तेलापेक्षा घट्ट धरून राहते, म्हणून वेकफिल्ड कंपनीने 1909 मध्ये एरंडेलाचा अंश मिसळून आपले प्रसिद्ध ऑइल बाजारात आणले आणि एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिले. एरंडेलाचा दोष असा की उष्णतेने त्याचा चिकट राळेसारखा थर बनतो आणि तो पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत बसतो. त्यामुळे ते वापरणाऱ्यांना इंजिन वारंवार उघडून साफ करावे लागे. वेगवान इंजिनाचे ऑइल लवकर खराब होते, हा अनुभव अशा रीतीने मोटारयुगाच्या आरंभापासूनचा आहे.

आरंभीच्या बऱ्याच इंजिनांत तर ऑइल बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण ऑइल थेंबाथेंबाने आत सोडले जाई आणि जळून किंवा गळून निघून जाई. ऑइल खाली साठवून पुन्हा पुन्हा फिरविण्याची पद्धत रूढ झाल्यावर, म्हणजे ज्याला आपल्याकडील मिस्त्री 'चेंबर' म्हणतात ते तळाचे भांडे इंजिनाला आल्यावर, साठलेले ऑइल केव्हातरी ओतून टाकणे भाग पडले. 1908 मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीला ऑइल फिल्टर नव्हता. तिच्या पुस्तिकेत नव्या गाडीचे पहिले ऑइल चार-पाचशे मैलांनंतर आणि पुढे दर 750 मैलांनी, म्हणजे साधारण 1,200 किलोमीटरनी, काढून टाकण्यास सांगितले होते. हा आकडा आज हास्यास्पद वाटला तरी त्या काळच्या ऑइलमध्ये केवळ शुद्ध केलेले खनिज तेल असे आणि त्यात धूळ, काजळी, न जळलेले पेट्रोल व धातूचा चुरा जे काही मिसळे ते तेथेच राही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पुढच्या पन्नास वर्षांत हा आकडा वाढत गेला. अमेरिकेतील ऑटोमोबाइल अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, 1911 मध्ये ऑइलच्या दाटपणाला क्रमांक दिले, त्यामुळे 30 किंवा 40 असा आकडा पाहून ऑइल निवडता येऊ लागले. 1920 च्या दशकात अर्नेस्ट स्वीटलँड यांच्या प्युरोलेटर फिल्टरने ऑइल गाळण्याची सोय केली. सुरुवातीचे फिल्टर मात्र वाहत्या ऑइलचा थोडाच भाग गाळीत, सगळे ऑइल गाळणारे फिल्टर नंतर सार्वत्रिक झाले. एकाच क्रमांकाची ऑइले वापरात होती तोवर नगरसारख्या ठिकाणी, जेथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पौषातल्या पहाटे हुडहुडी भरते, ऋतूनुसार दाट वा पातळ ऑइल घालणे शहाणपणाचे ठरे, आणि त्या निमित्ताने ऑइल आपोआप बदलले जाई. थंडीत पातळ राहणारी आणि उष्णतेत पुरेशी दाट राहणारी बहुश्रेणी ऑइले, म्हणजे डब्यावर 20 डब्ल्यू-40 असा दुहेरी आकडा असलेली, प्रचारात आल्यावर ही ऋतुचर्या संपली.

नगरला इंजिनांची शिस्त शिकविली ती मुख्यतः लष्कराने. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात येथील छावणीत रॉयल टँक कोअरची शाळा होती. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये चिलखती दलाच्या निरनिराळ्या प्रशिक्षण संस्था एकत्र करून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल येथे उभे राहिले, आणि 1994 मध्ये याच दलाने उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून सेंच्युरियन व विजयंतापर्यंतची वाहने आज पाहावयास मिळतात. आजच्या बहुतेक वेगवान मोटारींपेक्षा अधिक अश्वशक्ती असलेली इंजिने नगरकरांच्या परिसरात पाऊणशे वर्षांहून अधिक काळ धडधडत आहेत, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. सेंच्युरियनचे रोल्स-रॉइस मेटिऑर हे 12 सिलिंडरांचे, 27 लिटरचे आणि 650 अश्वशक्तीचे इंजिन दुसऱ्या महायुद्धातील मर्लिन या विमान-इंजिनापासून सिद्ध झालेले होते. अशा इंजिनाच्या बाबतीत धावलेले अंतर हे अपुरे माप ठरते, कारण रणगाडा जागच्या जागी उभा राहून तासन्‌तास इंजिन चालू ठेवतो, मऊ मातीत किलोमीटरभर जाण्यास तो डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी अधिक इंधन जाळतो, आणि नगरजवळच्या के. के. रेंजवरील उन्हाळी धूळ त्याच्या हवेच्या गाळण्यांची सतत परीक्षा पाहते. त्यामुळे लष्करात इंजिन चालल्याचे तासही मोजले जातात, आणि 'किती चालली' यापेक्षा 'कशी चालली' हे विचारण्याची सवय ही या शहराला छावणीने दिलेली देणगी मानावयास हरकत नाही.

ऑइलमध्ये घालावयाच्या रासायनिक मिश्रणांना, ज्यांना पूरके म्हणता येईल, गती मिळाली तीही मुख्यतः डिझेल यंत्रांमुळे आणि लष्करामुळे. 1930 च्या दशकात अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल ट्रॅक्टरांत पिस्टनच्या रिंगा काजळीने जाम होऊ लागल्या, तेव्हा घाण धुऊन ती ऑइलमध्येच तरंगत ठेवणारी, साबणासारखी काम करणारी रसायने मिसळण्यास आरंभ झाला, आणि युद्धकाळात सैन्यांनी अशा ऑइलची मानके ठरविली. ब्रिटिश लष्करी संकेतावळीत त्यांना मिळालेले 'ओएमडी' हे नाव भारतीय सैन्यातही चालत आले. या बदलाचा एक परिणाम सामान्य चालकाच्या अजूनही पचनी पडलेला नाही. चांगले ऑइल घाण आपल्या अंगावर घेते म्हणून ते लवकर काळे दिसते. काळे पडले म्हणजे संपले हा निकष डिझेल इंजिनाच्या बाबतीत तरी मुळातच फसवा आहे, कारण तेथे काही शे किलोमीटरांतच ऑइल काळे होते आणि तरीही ते बराच काळ उत्तम काम देते.

1 जून 1948 रोजी मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याकडे निघाली. ती बेडफर्ड बनावटीची होती आणि आजही एसटीचा वर्धापनदिन त्याच तारखेला साजरा होतो. या घटनेचे भावनिक महत्त्व वारंवार सांगितले जाते, पण देखभालीच्या इतिहासात तिचे महत्त्व वेगळे आहे. खाजगी मोटारमालकाच्या एक-दोन गाड्या असत आणि ऑइल केव्हा बदलावे हे त्याच्या खिशावर व चालकाच्या मर्जीवर अवलंबून राही. सार्वजनिक सेवेत मात्र प्रत्येक गाडीची धाव, तिला लागलेले इंधन आणि वरून घातलेले ऑइल यांची आगारात नोंद होऊ लागली. ठरावीक किलोमीटर झाले की गाडी रस्त्यावरून काढून तपासावयाची, ती बिघडण्याची वाट पाहावयाची नाही, या प्रतिबंधक देखभालीच्या कल्पनेचा परिचय जिल्ह्यातील तालुक्यांना एसटीच्या आगारांतून झाला. आगारात वा छावणीच्या कार्यशाळेत हात बसलेला फिटर बाहेर स्वतःचे गॅरेज टाकतो तेव्हा तेथील आकडे तो बरोबर घेऊन येतो, आणि अनेक गॅरेजांतील 'नियम' अशा वाटेने आले असावेत, असे अनुमान काढता येते.

हे आकडे इतके आखूड का होते याचे एक मोठे कारण डिझेलमध्ये दडलेले होते आणि त्याची चर्चा मराठीत क्वचितच होते. भारतात विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत 1 टक्क्यापर्यंत, म्हणजे दशलक्ष भागांत 10,000 भाग, गंधक असण्यास मुभा होती. इंधनाबरोबर गंधक जळले की त्याची ऑक्साइडे बनतात, त्यांचा पाण्याच्या वाफेशी संयोग होऊन गंधकाम्ल तयार होते आणि ते ऑइलमध्ये उतरते. त्याला मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कली गुणाची पूरके घातलेली असतात आणि त्यांच्या साठ्याला क्षारांक असे म्हणता येईल. गंधक जितके अधिक, तितका हा साठा लवकर संपतो, आणि तो संपल्यावर आम्ल बेअरिंगांच्या धातूला लागते. त्या काळी 5,000 किलोमीटरला ऑइल बदलणारा ट्रकमालक उधळा नव्हता, हिशेबी होता. पुढे टप्प्याटप्प्याने ही मर्यादा खाली आली आणि 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज 6 मानकांनुसार ती दशलक्ष भागांत 10 भागांवर आली, म्हणजे पंचवीस वर्षांत हजारपटीने घटली. ट्रकमालकाचा हिशेब ज्या गृहीतावर उभा होता ते गृहीतच नाहीसे झाले, आकडा मात्र तोंडी परंपरेने टिकून राहिला.

उसाच्या पट्ट्यात वेगळे माप रुजले. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला, त्यापाठोपाठ जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली, आणि विहिरीवरचे ऑइल इंजिन, नंतर ट्रॅक्टर ही शेतकऱ्याच्या परिचयाची यंत्रे झाली. पंपाला जोडलेले इंजिन एक तसूही पुढे सरकत नाही, तेव्हा त्याचे ऑइल तासांवर बदलणे क्रमप्राप्त होते. ट्रॅक्टरलाही तासांचा मीटर असतो आणि आजच्या अनेक ट्रॅक्टरांसाठी सांगितला जाणारा आकडा साधारणतः 250 तासांचा आहे. त्याच्या जोडीला असे ते 'ऑइल बाथ', म्हणजे तळाशी ऑइल असलेला हवेचा फिल्टर. आत जाणारी हवा त्या ऑइलवरून वळवली जाते, धूळ तेथेच अडकते आणि तळाशी गाळ साचतो. उन्हाळ्यात रिकाम्या रानात नांगरट करताना तो लवकर भरतो, आणि तो साफ न केल्यास इंजिनातील ऑइल कितीही वेळा बदलले तरी सिलिंडरची झीज थांबत नाही, ही गोष्ट पारनेर-जामखेडकडच्या अवर्षणी भागातील ट्रॅक्टरचालकाला पुस्तक न वाचताही ठाऊक असते. मोटारीच्या चर्चेत ऑइलचा बोलबाला होतो आणि हवेच्या फिल्टरला कोणी विचारत नाही, हे शहरी मोटारमालकांचे जुनेच दुर्लक्ष आहे.

लुनाचा उल्लेख येथे अल्पच पुरे. 1972 मध्ये आलेली आणि कायनेटिक इंजिनिअरिंगच्या नगरमधील कारखान्यात बनलेली ही मोपेड दोन-आघाती इंजिनाची होती. तिच्या पेट्रोलमध्येच थोडे ऑइल मिसळले जाई व ते पेट्रोलबरोबर जळून जाई. ऑइल बदलणे हा प्रकारच तिच्यात नव्हता. ज्या घरात पहिले वाहन लुना आणि दुसरे चार-आघाती मोटारसायकल असे झाले, त्या घराला ऑइल नुसते 'घालावे' लागत नाही तर 'काढावे' लागते, हे नव्याने शिकावे लागले.

ऑइलचा बाजारही या काळात बदलत होता. मुंबईत 1969 मध्ये ल्यूब इंडियाच्या कारखान्यातून वंगणाची मूळ तेले देशातच मोठ्या प्रमाणावर निघू लागली, इंडियन ऑइलने 1972 मध्ये सर्व्हो हे नाव रूढ केले, आणि पेट्रोल पंप व सुटे ऑइल विकणारी दुकाने हीच दीर्घकाळ ग्राहकाची धाव होती. 1990 च्या दशकाच्या आरंभी हा व्यवसाय खुला झाला तेव्हा परदेशी नावांचे डबे तालुक्याच्या दुकानांपर्यंत पोहोचले आणि त्यांच्यामागोमाग बनावट डबेही आले. आपण घेतलेल्या ऑइलची खात्री नसलेल्या माणसाने ते लवकर बदलावे यात गैर काही नव्हते. अविश्वासाचा विमा म्हणून आखूड अंतर परवडत असे. अमेरिकेत याच सुमारास दर 3,000 मैलांचा, म्हणजे सुमारे 4,800 किलोमीटरचा, दंडक ऑइल बदलून देणाऱ्या दुकानांनी घट्ट केला होता. आपल्या गॅरेजांतील 5,000 चा आकडा त्याच घराण्यातला दिसतो. मिस्त्रीला त्यात मजुरी मिळते आणि दुकानदाराला नफा, हे खरे. पण केवळ लबाडीने एखादा आकडा तीस-चाळीस वर्षे टिकत नाही.

आकड्याच्या बंधनातून खऱ्या अर्थाने सुटका केली ती रेल्वेने. दौंड-मनमाड हा 1878 मध्ये सुरू झालेला लोहमार्ग नगरवरून जातो आणि विद्युतीकरण होईपर्यंत त्यावर डिझेल इंजिने धावत होती. अशा एका इंजिनात शेकडो लिटर ऑइल असते, ते तारखेनुसार फेकून देणे कोणालाच परवडणारे नाही; म्हणून डिझेल शेडमधील प्रयोगशाळेत ठरावीक दिवसांनी ऑइलचा नमुना वर्णपटमापकावर तपासून त्यातील लोखंड, तांबे, शिसे इत्यादींचे अंश मोजले जातात. तांबे-शिसे वाढले तर बेअरिंगची झीज, सिलिकॉन वाढले तर बाहेरची धूळ, असे निदान होते, आणि ऑइल त्याच्या प्रकृतीनुसार बदलले जाते. खाजगी मोटारधारकालाही अशी तपासणी करून घेता येते, पण चार लिटर ऑइलच्या किमतीपुढे तिचा खर्च मोठा वाटत असल्याने ती रुजलेली नाही.

वेगवान मोटारींचा प्रश्न नगरच्या दोन्ही बाजूंच्या औद्योगिक पट्ट्यांनी जिल्ह्याच्या दारात आणला. पूर्वीच्या औरंगाबादजवळील शेंद्र्याच्या कारखान्याशी ज्या स्कोडा ऑक्टाव्हियाचे नाव जोडलेले आहे, तिची टर्बो पेट्रोल आरएस आवृत्ती 2004 मध्ये भारतात आली, आणि पुणे-नगर रस्त्यावरील रांजणगावच्या कारखान्यातून 2015 मध्ये 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो निघाली. या मोटारींना वेगळे काढणारा भाग म्हणजे टर्बोचार्जर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर फिरणारे एक चक्र दुसऱ्या चक्राला फिरवते आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबते; दोहोंना जोडणारा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो इंजिनाच्याच ऑइलच्या पातळ थराचा. घाट चढून आलेली गाडी लगेच बंद केली तर त्या दांड्याभोवती थांबलेले ऑइल भाजून कोळशासारखे कडक होते. उष्णतेने ऑइलचे ऑक्सिडीकरण वाढते, म्हणजे हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते दाट व आम्लधर्मी बनते. दुहेरी श्रेणी टिकवणारे त्यातील दीर्घ रेणू जोराच्या दाबाने तुटतात. आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत छोट्या फेऱ्यांमुळे न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. लहान टर्बो इंजिनांत ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटून पिस्टनला धक्का बसण्याचा दोष आढळला, आणि तो आवरण्यासाठी ऑइलची रसायने बदलून 2020 मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने एसपी हा नवा दर्जा लागू केला. येथे ऑइल बदलण्याच्या अंतराइतकाच ऑइलचा दर्जा निर्णायक आहे.

निर्मात्यांचे 10,000 वा 15,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष हे आकडे चुकीचे नाहीत. ते ठरविताना संश्लेषित, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने घडवलेले, ऑइल गृहीत धरलेले असते, आणि धूळ, सततची छोटी अंतरे, जड ओझे वा अतिवेग असल्यास अंतर कमी करावे, असे बहुतेक पुस्तिकांत बारीक अक्षरांत छापलेले असते. नगर जिल्ह्यातील खडीचे रस्ते, हंगामात उसाच्या वाहनांमागून संथ गतीने चालणे आणि एप्रिल-मे मधील ऊन ही त्या बारीक अक्षरांतील परिस्थिती आहे, ती अपवाद नव्हे. तरीही साध्या पेट्रोल मोटारीला 5,000 किलोमीटरला नवे ऑइल घालणे ही आज उधळपट्टी ठरते, पण जोरात हाकल्या जाणाऱ्या टर्बो मोटारीच्या बाबतीत मिस्त्रीचा जुना आकडा, त्यामागचे जुने कारण नाहीसे झाल्यानंतरही, नव्या कारणाने पुन्हा सत्याजवळ आला आहे. अशा मोटारीसाठी निर्मात्याने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल खात्रीच्या दुकानातून घेऊन ते 7,000 ते 8,000 किलोमीटरनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, फिल्टरसह बदलणे आणि मधल्या काळात महिन्यातून एकदा डिपस्टिक पाहणे हा समतोल मार्ग आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर नेलेल्या मोटारीला किलोमीटरांचा हिशेबच लागू करू नये.

काढलेल्या ऑइलचे काय होते, याचाही हिशेब ठेवला पाहिजे. सेंट्रिंगच्या फळ्यांना आणि लाकडाला लावण्यासाठी जळके ऑइल घेऊन जाणारे गिऱ्हाईक गॅरेजला नेहमीच मिळत आले आहे, आणि उरलेले बऱ्याचदा मागच्या मातीत जिरते. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते, आणि 1 एप्रिल 2024 पासून वापरलेले ऑइल परत गोळा करून त्यावर पुनर्प्रक्रिया घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर व आयातदारांवर टाकण्यात आली आहे. ज्या गॅरेजात हे ऑइल बंद पिंपात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे दिले जाते, तेथेच ग्राहकांनी आपली मोटार न्यावी.